आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंड: नऊ रात्रींचा बेत कसा आखाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याचं पाच जणांचं कुटुंब. नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी, आई ६८ वर्षांच्या आणि एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, बाबा ७२ चे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा, नऊ रात्री, घरचे सगळे शाकाहारी. बेत असा: झुरिक २, ल्युसर्न २, इंटरलाकेन २, झेरमाट १, मॉन्ट्रो १, जिनिव्हा १. टिटलिस, युंगफ्राउ ही शिखरं आणि ग्लेशियर एक्स्प्रेस ही गाडी, यांची तिकिटं आत्ताच काढून ठेवू का, प्रवासाचा पास कोणता घेऊ, आणि जेवणाचं काय?

पहिलंच सांगते: शिखरांची तिकिटं आत्ता काढू नका. विमान, व्हिसा, राहण्याची जागा हे सगळं आधी. शिखर मात्र आदल्या रात्री, किंवा खरं तर त्याच दिवशी सकाळी.

मी सोळा वर्षं गट घेऊन तिकडे जात होते. आता घरबसल्या कुटुंबांना बेत आखून देते. एवढ्या वर्षांत परत आलेल्या लोकांची सगळ्यात मोठी हळहळ एकच ऐकली: वर गेलो आणि काही दिसलंच नाही. युंगफ्राउयोख, म्हणजे युंगफ्राउचं वरचं स्टेशन, ३४५४ मीटरवर आहे. तिथल्या काचेतून अर्धा दिवस नुसता पांढरा पडदा बघायचा, बर्फाच्या गुहेत फोटो काढायचे, चॉकलेट घ्यायचं आणि खाली यायचं. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन माणशी दोनशे फ्रँकच्या वर पडतात, आणि एक फ्रँक म्हणजे शंभराहून जास्त रुपये. गटात आमचा नाइलाज असायचा. बुधवारी युंगफ्राउ म्हणजे बुधवारीच, मग पाऊस पडो नाही तर गारा. तुम्ही स्वतःच्या पायांनी जाताय, तर या स्वातंत्र्याचे पैसे वसूल करा.

पद्धत सोपी आहे. तिथल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या डोंगरावर कॅमेरे बसवलेले आहेत आणि त्यांचं चित्र फोनवर फुकट दिसतं. बऱ्याच हॉटेलांत टीव्हीच्या एका चॅनेलवर सकाळी तेच चालू असतं. सकाळी साडेसहाला चहाच्या आधी ते बघायचं. जोडीला त्यांच्या हवामान खात्याचं, मेटिओस्विसचं ॲप घ्या. खिडकीतून आभाळ बघून मात्र ठरवू नका. खाली दरीत गच्च ढग आणि वर लख्ख ऊन, हे तिथे अगदी नेहमीचं. उलटंही होतं. वर ऊन दिसलं की नाश्ता डब्यात भरायचा आणि पहिल्या दोन-तीन गाड्यांपैकी एक धरायची, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमतात आणि गडगडाट सुरू होतो.

पण हे जमण्यासाठी एक अट आहे: तुम्ही एका जागी बसलेले असायला हवं. आणि तुमच्या बेताचा खरा घोळ तिथेच आहे. नऊ रात्रींत सहा हॉटेलं! प्रत्येक बदलाला सकाळी बॅगा भरणं, अकराला खोली सोडणं, तीनपर्यंत नवी खोली न मिळणं, मधल्या वेळात आई-बाबा स्टेशनच्या बाकावर. म्हणजे जवळजवळ तीन पूर्ण दिवस नुसते सामानाबरोबर. शिवाय झेरमाटला एकच रात्र, आणि नेमकी त्याच दिवशी तिथल्या मॅटरहॉर्न शिखरानं तोंड लपवलं, तर दुसरी संधी नाही.

मी असं करीन. विमानतळावरून थेट ल्युसर्न, तिथे तीन रात्री. मग इंटरलाकेनच्या परिसरात पाच रात्री. शेवटची एक रात्र झुरिकला, विमान सकाळचं असेल तर विमानतळाजवळ. मॉन्ट्रो आणि जिनिव्हा या खेपेला सोडून द्या. ती गावं वाईट नाहीत, पण दुसऱ्या टोकाला आहेत. झेरमाट हवंच असेल तर इंटरलाकेनहून श्पीत्स आणि फिस्पला गाडी बदलून सव्वादोन-अडीच तासांत पोहोचता येतं. मधला लोचबर्गचा बोगदा २००७ साली सुरू झाल्यापासून हे एका दिवसात होतं. दमवणारा दिवस आहे, पण कॅमेऱ्यात डोंगर स्वच्छ दिसल्यावरच निघायचं असल्यामुळे फुकट जात नाही. आई-बाबांना त्या दिवशी तळ्यावर बोटीत बसवा.

इंटरलाकेनच्या परिसरात म्हणजे नक्की कुठे? मी विल्डर्सविल सुचवते. इंटरलाकेन ओस्टच्या पुढचं पहिलंच स्टेशन, सपाट गाव, आणि लाउटरब्रुनेन व ग्रिंडेलवाल्ड दोन्हीकडच्या गाड्या इथे थांबतात. लाउटरब्रुनेन दिसायला जास्त सुंदर आहे, खिडकीतून स्टाउबबाखचा जवळपास तीनशे मीटरचा धबधबा दिसतो, पण आता तिथे गर्दी फार. वेंगेन आणि म्युरेन मला स्वतःला सगळ्यात आवडतात, दोन्हीकडे मोटारी नाहीत. पण वेंगेनमध्ये स्टेशनपासून घरापर्यंत चढ असू शकतो, आणि आईंच्या गुडघ्याला रोज दोनदा तो परवडणार नाही. भाड्याचं घर बघताना फोटोतल्या खिडकीवर भाळू नका. तीन गोष्टी लेखी विचारा: लिफ्ट आहे का, दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि स्टेशनपासून रस्ता चढाचा आहे की सपाट. जुन्या लाकडी घरांत लिफ्ट बहुधा नसतेच.

आता या गाडीबद्दलची एक गोष्ट, कारण ही चूक मी माझ्या डोळ्यांदेखत होऊ दिली. इंटरलाकेन ओस्टहून निघणारी गाडी एकच दिसते, पण ती दोन गाड्या जोडून केलेली असते. त्स्वाइल्युचिनेन नावाच्या छोट्या स्टेशनावर ती तुटते. एक भाग लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. माझ्या गटातले एक काका फलाटावर फोटो काढत राहिले आणि शिट्टी झाल्यावर मिळेल त्या दारातून चढले. काकू पुढच्या डब्यात, पासांचं पाकीट काकांकडे, काकांच्या गोळ्या काकूंच्या पर्समध्ये. त्स्वाइल्युचिनेनला गाडी तुटली तेव्हा काकूंनी खिडकीतून बघितलं, काकांचा डबा हळूहळू दुसऱ्या दरीत वळत होता. दीड तासाने भेटले. तोवर काकू माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. मी आधी सांगायला हवं होतं. तेव्हा फलाटावर अ, ब, क, ड असे जे विभाग लिहिलेले असतात आणि वरच्या पाटीवर कुठल्या विभागातला डबा कुठे जाणार हे दाखवलेलं असतं, ते वाचूनच चढा. डब्यावरही गावाचं नाव असतं. खिडकीच्या वर पिवळी पट्टी दिसली तर तो पहिला वर्ग. दुसऱ्या वर्गाच्या पासावर तिथे बसलात तर दंड होतो, आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' हे कोणी ऐकून घेत नाही.

गाड्यांची वेळ बघायला त्यांच्या रेल्वेचं, एसबीबीचं ॲप पुरतं. १९८२ पासून तिथलं वेळापत्रक ठरावीक अंतराने चालतं. दहा वाजून पाच मिनिटांची गाडी असेल तर पुढची बहुधा अकरा वाजून पाच मिनिटांची. बदलायला चार-सहा मिनिटं दिलेली दिसतील आणि तुमच्या पोटात गोळा येईल. तरण्या माणसाला ती पुरतात, कारण समोरचीच गाडी धरायची असते. आई-बाबांबरोबर असताना मात्र सरळ पुढची गाडी धरा. अर्ध्या तासात नाही तर तासाभरात ती येतेच, घाईत पायऱ्यांवर पाय मुरगळण्यापेक्षा ते बरं. हॉटेल बदलायच्या दिवशी मोठ्या बॅगा स्टेशनावर देऊन पुढच्या स्टेशनावर घेण्याची सोय आहे. पैसे लागतात, एक-दोन दिवस आधी द्याव्या लागतात. माझ्या मते वयस्कर माणसांबरोबर हा त्या देशातला सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च.

पासाचं गणित. दोन मुख्य पर्याय आहेत. स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. रेल्वे, पिवळ्या टपाल बस, तळ्यांवरच्या बोटी, शहरातल्या ट्राम, पाचशेच्या आसपास संग्रहालयं, सगळं त्यात. आठ दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा पास २०२५ मध्ये चारशे फ्रँकच्या थोडा वर होता. दुसरा पर्याय म्हणजे स्विस हाफ फेअर कार्ड. महिनाभर चालतं, जवळजवळ प्रत्येक तिकीट अर्ध्यात. मुलीचं दोन्हीकडे फुकट. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी फॅमिली कार्ड मिळतं, ते पास घेतानाच मागून घ्या. फक्त मुलगी आई किंवा वडिलांबरोबर असायला हवी, हे लक्षात ठेवा. तुम्ही दोघं झेरमाटला आणि नात आजीबरोबर बोटीवर, असं केलंत तर तिचं वेगळं तिकीट काढा.

लोक गोंधळतात ते डोंगरांवरच्या सवलतीत. पासावर रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस पूर्ण फुकट. टिटलिस, पिलाटुस, गोर्नरग्राट अर्ध्यात. युंगफ्राउयोखला मात्र पासावर फक्त पाव सूट, तीही ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनच्या पुढच्या भागासाठी, आणि हाफ फेअर कार्डावर तेच अर्ध्यात. म्हणून ज्यांना दोन-तीन महागडी शिखरं करायची आहेत आणि बाकी एका जागी बसायचं आहे त्यांना हाफ फेअर स्वस्त पडू शकतं. ज्यांना रोज उठून कुठली तरी गाडी, कुठली तरी बोट पकडायची आहे त्यांना पास. तुमच्या बाबतीत मी आई-बाबांसाठी पासच घेईन. एखाद्या दिवशी त्यांना कंटाळा आला, पुढच्याच स्टेशनावर उतरून परतावंसं वाटलं, तर तिकिटाचा हिशेब मनात येऊ नये. आपल्या मागच्या पिढीला 'पैसे वाया गेले' हे फार लागतं, आणि मग ते दुखऱ्या गुडघ्याने चालत राहतात. तुम्हा दोघांसाठी हाफ फेअर घेऊन बघा, बेरीज करून.

पास कागदावर असो की फोनवर, तपासनीस आला की पासपोर्ट मागू शकतो. सगळ्यांचे पासपोर्ट एकाच्या पोटाच्या पाकिटात नकोत, ज्याचा त्याच्याकडे असू द्या. काकांची गोष्ट आठवा.

युंगफ्राउ करावं का? बाबांना रक्तदाब आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. इंटरलाकेन साधारण ५७० मीटरवर. तिथून दोन-अडीच तासांत तुम्ही ३४५४ मीटरवर असता, म्हणजे जवळपास लेहच्या उंचीवर. लेहला विमानाने उतरल्यावर आपण दिवसभर झोपून राहतो. इथे उतरल्या उतरल्या माणसं बर्फात नाचायला धावतात. हवेत दर श्वासाला प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच मिळतो. पाहणं सुंदर आहे यात वाद नाही. समोर 'आलेच' नावाची हिमनदी, वीस किलोमीटरहून लांब, आल्प्समधली सगळ्यात मोठी. आणि रेल्वे १९१२ सालची, आयगर डोंगराच्या पोटातून खणलेली, हे नुसतं आठवलं तरी तिथल्या बोगद्यात बसल्यावर अंगावर काटा येतो. पण बाबांच्या डॉक्टरांना निघण्याआधी स्पष्ट विचारा: 'साडेतीन हजार मीटरवर दोन तास थांबणार आहोत, चालेल का?' ते हो म्हणाले तर वर गेल्यावर पहिली वीस मिनिटं बाकावर बसून पाणी प्यायचं, मग हळूहळू चालायचं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर पुढची गाडी धरून खाली. दीड-दोन हजार मीटरवर आलं की बहुतेकांना बरं वाटतं. जाताना ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून आयगर एक्स्प्रेस नावाचा रोपवे घेतला तर वेळ वाचतो. तो २०२० च्या डिसेंबरात सुरू झाला, पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला नेऊन सोडतो. येताना क्लाइन शाइडेग, वेंगेन करत जुन्या रेल्वेने या. गर्दीच्या दिवसांत वरच्या रेल्वेत जागा राखून ठेवावी लागते. तेही आदल्या रात्री अंदाज बघूनच करा.

डॉक्टर नको म्हणाले, तर मनाला लावून घेऊ नका. मला विचाराल तर आई-बाबांचा सगळ्यात सुंदर दिवस रिगीवरच होणार आहे. ल्युसर्नच्या स्टेशनसमोरच बोटीचा धक्का. तिथून व्हिट्सनाउपर्यंत तासाभराची बोट, वरच्या डेकवर खुर्च्या, हवेत गारवा. व्हिट्सनाउला धक्क्यावरून उतरून रस्ता ओलांडला की समोर लाल गाडी. ही युरोपातली पहिली दातेरी डोंगरी रेल्वे, १८७१ सालची. आपल्याकडे माथेरानची छोटी गाडी वळणं घेत चढते; ही सरळ चढते, कारण रुळांच्या मधे तिसरा दातेरी पट्टा आहे आणि गाडीचं चाक त्यात अडकत वर सरकतं. चढताना डावीकडे बसा, तळं त्या बाजूला उघडत जातं. वरचं स्टेशन १७५० च्या आसपास, माथा १७९८ मीटरवर. म्हणजे कळसूबाईहून थोडंच उंच. श्वासाचा त्रास नाही. वर गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजत असतात. उतरताना रिगी काल्टबाडला उतरून रोपवेने वेगिसला या आणि तिथून बोट. हा पूर्ण दिवस पासात, वर एक फ्रँक नाही. माझ्या गटातल्या एक आजी तिथे बाकावर बसून दोन तास नुसत्या समोर बघत राहिल्या होत्या. शेवटी मीच त्यांच्या शेजारी बसले.

ग्लेशियर एक्स्प्रेस नको. झेरमाट ते सेंट मॉरिट्स आठ तास, काचा उघडत नाहीत, पासावर वेगळं आरक्षण घ्यावं लागतं, आणि अकरा वर्षांच्या मुलीला तिसऱ्या तासाला गाडी सोडून टॅब दिसायला लागतो. तुम्ही ल्युसर्नहून इंटरलाकेनला जाणारच आहात ती ब्रुनिगच्या घाटातून जाणारी गाडी घ्या. दोन तासांच्या आत पोहोचते. आरक्षण हवं असेल तर मिळतं, सक्तीचं नाही. ल्युसर्नहून निघताना उजवीकडे बसा. लुंगर्नचं तळं त्याच बाजूला आहे, हिरवं की निळं ठरवता येत नाही असं.

मे महिन्याबद्दल. आपल्या सुट्ट्यांचा मे आणि त्यांचा उन्हाळा यांत महिनाभराचा फरक आहे. मेच्या उत्तरार्धात खाली फुलं, वर अजून बर्फ. फुर्का, ग्रिमसेलसारखे उंच घाट बंद असू शकतात. मॅनलिखेन ते क्लाइन शाइडेग ही सगळ्यांना आवडणारी सोपी पायवाट बहुतेक जूनमध्येच मोकळी होते. विल्डर्सविलहून श्यिनिगे प्लाट्टेला जाणारी छोटी गाडीही जूनच्या सुमारास सुरू होते. काही रोपवे एप्रिल-मेमध्ये तपासणीसाठी बंद ठेवतात, म्हणून ज्या डोंगराचं नाव मनात आहे त्याच्या चालू-बंदच्या तारखा आधी बघून ठेवा. तिकीट काढू नका, तारीख बघा. या सगळ्याची भरपाई धबधबे करतात. बर्फ वितळत असल्यामुळे मे-जूनमध्ये लाउटरब्रुनेनची दरी अक्षरशः गरजत असते. ट्रुमेलबाखचा धबधबा डोंगराच्या पोटात आहे, आत लिफ्टने नेतात, पण पुढे ओल्या पायऱ्या आहेत. आईंना तिथे नेऊ नका. दरीतून सपाट रस्त्याने श्टेखेलबर्गकडे बसने फिरवून आणा.

जाता जाता, दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी: ऑक्टोबरअखेरीनंतर झुरिक-ल्युसर्नवर धुक्याची चादर दिवसेंदिवस हलत नाही, अंधारही पाच-साडेपाचला. त्या दिवसांत उलट वर जायचं, धुक्याच्या वर ऊन असतं.

पाऊस लागला तर? बर्नला जा. इंटरलाकेनहून तासाच्या आत. जुन्या शहरात रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी कमानींखालून चालायचे मार्ग आहेत, सगळे मिळून सहा किलोमीटर भरतात, छत्री न उघडता अख्खं शहर बघून होतं. ल्युसर्नला असाल तर वाहतुकीचं संग्रहालय, मुलगी तिथून निघणार नाही.

कपड्यांचं एकच सांगते: एक जाड कोट नको, पातळ तीन थर हवेत. आणि गॉगल. बर्फावरचं ऊन डोळ्यांना फार लागतं.

आता पोटाचं. हापूसची पेटी घरीच ठेवा. दर मे महिन्यात कोणी ना कोणी विचारतं, तिकडच्या भाच्यासाठी अर्धा डझन नेऊ का. युरोपबाहेरून ताजी फळं, भाज्या, पाला न्यायला वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. केळी, अननस, नारळ, खजूर अशी मोजकी फळं सुटतात, आंबा नाही. कढीपत्ता, कोथिंबीर, मिरच्यासुद्धा नाहीत. दुग्धजन्य पदार्थही बंद, म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोहे, पापड, चटण्या, लोणचं खुशाल न्या, नीट बंद करून. तांदूळ, डाळ, दही, दूध, टोमॅटो, बटाटे तिथे मिग्रो आणि कोप या दुकानांत सहज मिळतात. ते वजन इथून वाहू नका.

स्वयंपाकघर असलेलं घर घेणार असाल तर आणखी दोन गोष्टी. पहिली, शेगडी बहुधा इंडक्शनची असते. ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर ढिम्म राहतो. एका कुटुंबानं तीन लिटरचा हिंदालियमचा कुकर बॅगेत घालून नेला आणि परत आणला; मधे त्याचा उपयोग फक्त मोजे ठेवायला झाला. दुसरी, फोडणी. मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, धूर वर गेला की छतावरचं यंत्र किंचाळायला लागतं. एकदा रविवारी सकाळी साडेसातला आमच्या पोह्यांच्या फोडणीनं अख्खी इमारत जागी केली. मालकीणबाई गाऊनमध्ये धावत आल्या, मी हातात झारा घेऊन दारात. रविवार त्यांच्याकडे शांततेचा दिवस, त्या दिवशी काही लोक व्हॅक्यूमसुद्धा लावत नाहीत. खिडकी आधी उघडा, पंखा लावा, तेल कमी तापवा. हॉटेलच्या खोलीत मात्र शिजवू नका, इलेक्ट्रिक कुकरसुद्धा नको.

त्याच रविवारचं दुसरं: दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली आणि विमानतळावरची तेवढी उघडी. मेमध्ये ईस्टरच्या हिशेबाने येणारा एक गुरुवार आणि एक सोमवारही सुट्टीचे असू शकतात. तारखा बघून शनिवारीच दूध-ब्रेड भरून ठेवा.

बाहेर खायचं तर साध्या जेवणालाही माणशी वीस-पंचवीस फ्रँक धरा. कोपच्या उपाहारगृहांत स्वतः वाढून घ्यायची सोय असते, तिथे बटाटे, भाज्या, सॅलड बघून घेता येतात. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं जाडसर धिरडं म्हणा, आई-बाबांना आवडेल, पण 'श्पेक' नको म्हणून सांगा. तो डुकराच्या चरबीदार मांसाचा तुकडा आहे, बऱ्याचदा न विचारता पडतो. 'ओने श्पेक, ओने फ्लाइश', म्हणजे श्पेक नको, मांस नको. एवढं जर्मन पाठ करा. घरात कोणी कडक शाकाहारी असेल तर हेही माहीत असू द्या की ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध नासवायला वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. फाँड्यू त्याच चीजचं. मी सांगते, मग खायचं की नाही ज्याचं त्यानं ठरवावं. झुरिकच्या शेवटच्या संध्याकाळी हिल्टलला जा, १८९८ पासून चाललेलं शाकाहारी उपाहारगृह आहे. भारतीय पदार्थही असतात आणि कुठल्याच ताटलीबद्दल विचारावं लागत नाही.

पाणी विकत घेऊ नका. चौकातल्या दगडी हौदाच्या तोटीचं पाणी प्यायचं असतं, 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी नसेल तर. प्रत्येकाला एक बाटली. स्टेशनातल्या स्वच्छतागृहाला एक-दोन फ्रँक पडतात, गाडीतलं फुकट. वयस्कर माणसांबरोबर हे गाडीतून उतरण्याआधी आठवावं. चार्जिंगसाठी आपली जाड तीन पिनांची मुंडी तिथे बसत नाही, आणि 'युरोपचा ॲडॅप्टर' म्हणून मिळणारा जाड गोल प्रकारही त्यांच्या षटकोनी खोबणीत शिरत नाही. मोबाइलची बारीक दोन पिनांची मुंडी बसते. कार्डानं पैसे देताना यंत्र रुपये की फ्रँक विचारतं, फ्रँकच निवडा. हॉटेलकडून पाहुण्यांचं कार्ड मागून घ्या, बऱ्याच गावांत त्यावर बस फुकट असते.

व्हिसा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घ्या, एप्रिलमध्ये सगळा महाराष्ट्र रांगेत असतो. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण एजंट देतो तो सगळ्यात स्वस्त विमा घेऊन मोकळे होऊ नका. बाबांचा रक्तदाब आणि आईंचं ऑपरेशन अर्जात लिहा आणि आधीच्या आजारातून उद्भवलेला खर्च मिळतो का ते वाचा. डोंगरावरून हेलिकॉप्टरनं आणायची वेळ आली तर तो खर्च विम्यात आहे का, हेही. रुग्णवाहिकेचा नंबर १४४, डोंगरावरच्या बचावाचा १४१४, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. तिन्ही नंबर बाबांच्या फोनमध्ये घालून द्या. त्यांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

घड्याळ वगैरे घेणार असाल तर एका दुकानात एका वेळी ३०० फ्रँकच्या वर खरेदी झाली की कराचा परतावा मिळू शकतो. दुकानातच फॉर्म मागा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, म्हणून शिक्का स्वित्झर्लंड सोडतानाच घ्यावा लागतो. मुंबईचं थेट विमान झुरिकहून आहे, त्यामुळे तुमचं सोपं आहे: शेवटच्या दिवशी विमानतळावर बॅग देण्याआधी कस्टमच्या खिडकीवर जा, घड्याळ आणि बिल हातात ठेवा. बॅगेच्या तळाशी गेलं की मग सगळ्यांच्या समोर मोज्यांतून शोधावं लागतं.